शेपटीकडे गेलेला ओघळ

यानाच्या शेपटीच्या खोलीतलं झाकण काढल्यावर आत होतं ते असं. तेलाच्या नळ्या तीन, दोन जाड आणि एक बारीक. त्यांना भिंतीशी धरून ठेवणाऱ्या कड्या अकरा. तारांचे जुडगे दोन, मेणदोऱ्याने बांधलेले. सांधे चार. चारही नटांवरून नळीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती आणि चारही रेघा अखंड होत्या, म्हणजे बसवल्यापासून एकही नट हललेला नव्हता. कोपऱ्यात चमचाभर धूळ, बहुतेक कॅलिफोर्नियातल्या ज्या कोरड्या तळ्यावर यान उतरलं तिथली. आणि तिसऱ्या सांध्यापाशी एक डाग.

डाग तपकिरी होता. नटाभोवती बोटभर रुंदीचं कडं, सगळ्या बाजूंनी सारखं. त्या कड्यातून निघालेला एक ओघळ भिंतीच्या पत्र्यावरून नऊ सेंटिमीटर गेला होता. मी पोलादी पट्टी लावून तो दोनदा मोजला. मग नमुना घ्यायची बाटली आणायला भांडारात गेले. तिथल्या बाईला बाटल्या सापडेनात. त्या सापडून मी परत आले तर डाग नव्हता.

झाकणासमोर कामासाठी टाकलेल्या फळीवर हॉलिस बर्ज बसले होते. हातात ओलं फडकं होतं आणि त्याला स्पिरिटचा वास येत होता.

"पुसलं," ते म्हणाले. "लाजिरवाणी गोष्ट आहे, कॉलेज. तंबाखू होती. माझीच."

मला ते कॉलेज म्हणत. माझं नाव गेल प्रुइट. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी आदल्या सप्टेंबरात टायटसव्हिलला आले आणि तपासनीस म्हणून लागले. पहिला महिनाभर मला हॉलिसच्या हाताखाली दिलं होतं. पाना कसा धरायचा, सांध्याला कान कुठून लावायचा, नट आवळल्यावर रेघ कशी ओढायची, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. ते पहिल्या कुप्यांपासूनचे. कुपी म्हणजे आधीची छोटी यानं, एकेकदा वर जाऊन समुद्रात पडणारी. गावात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता.

मी फडकं मागितलं. ते हसले आणि त्यांनी ते शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. मी वाकून पाहिलं. डब्यात दिवसभराची फडकी होती. पलीकडच्या नळ्या रिकाम्या करणाऱ्यांनी टाकलेली, सगळी त्याच तेलाने माखलेली. त्यातलं हॉलिसचं कुठलं आणि त्यावरचं तेल कुणाचं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

ते तेल ताजं असतं तेव्हा लाल असतं. उष्णता लागली की तपकिरी होतं. चघळलेल्या तंबाखूचा रंगही तोच.

तो एक्याऐंशीचा मे महिना होता. यान दोन माणसांना घेऊन पृथ्वीभोवती फिरून आलं त्याला महिना होत होता, आणि आता तेच यान पुन्हा वर पाठवायचं होतं. पृथ्वीभोवती फिरून आलेल्या यानात दुसऱ्यांदा माणसं बसवणं आजवर कुणी केलं नव्हतं. हे यान उतरतं ते इंजिन बंद ठेवून. धावपट्टी हुकली तर दुसरी खेप नाही. त्या वेळी यानाला वळवणारे पंखांचे आणि शेपटीचे पडदे हलवतं ते हे तेल. तेल गळून गेलं तर पुढे बसलेल्या दोघांच्या हातात नुसती दांडी उरते.

यानात तंबाखू चघळली तर दोन आठवडे बिनपगारी, आणि नाव फळ्यावर. गळका सांधा बरोबर म्हणून सोडला तर शिक्का जातो. आमच्यातल्या प्रत्येकाकडे आपापल्या नंबराचा एक रबरी शिक्का असे. केलेल्या कामावर तो उमटवल्याशिवाय काम झालं असं धरत नसत. शिक्का काढून घेतला की माणूस यानाला हात लावू शकत नाही, म्हणजे फाटकाबाहेर. त्या तिसऱ्या सांध्यावर हॉलिसचा शिक्का होता, एक्केचाळीस नंबरचा.

मी लँड्रींच्या केबिनमध्ये पोचले तेव्हा हॉलिस आधीच तिथून बाहेर पडत होते. मला दार धरून उभे राहिले.

लँड्री आमचे वरिष्ठ. दुसऱ्या उड्डाणाची तारीख त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली होती आणि ते नेहमी तिच्याकडे पाठ करून बसत. त्यांनी मला बसायला सांगितलं. हॉलिसने कबूल केलंय, चूक लहान नाही, पण निदान माणूस प्रामाणिक आहे, असं ते म्हणाले. मला त्यांच्या आवाजात सुटका ऐकू आली. तेल निघालं असतं तर अख्खी नळी रिकामी करून सोडवावी लागली असती, आणि शेपटीकडची सगळी कामं थांबली असती. तंबाखू निघाली तर फक्त एक माणूस थांबत होता.

मी विचारलं, त्यांनी कधी थुंकली म्हणे? लँड्री म्हणाले, मागच्या शरद ऋतूत, इथेच हँगरमध्ये, झाकण बसवायच्या आदल्या दिवशी.

त्यांच्या टेबलावर यानाचं वीतभर लांबीचं लाकडी खेळणं होतं. मी ते उचललं.

"हँगरमध्ये यान असं असतं. आडवं," मी म्हणाले. "इथे काहीही सांडलं तर पोटाकडे ओघळणार." मग मी ते शेपटीवर उभं केलं. "उड्डाणाच्या पॅडवर असं असतं. ओघळ शेपटीकडे गेला होता. नऊ सेंटिमीटर, सरळ शेपटीकडे. हँगरमध्ये थुंकलेली तंबाखू आडवी चालत जात नाही."

"खाली ठेव ते."

मी ठेवलं.

"तू तो डाग पाहिलास. आणखी कुणी?"

"हॉलिसनी."

"म्हणजे डाग नाही, नमुना नाही, आणि एक माणूस स्वतःचा पगार घालवून सांगतोय की तंबाखू होती. उलट तुझ्याकडे काय आहे? तुझ्या डोळ्यांसमोरचा ओघळ." त्यांनी खेळणं माझ्यापासून दूर सरकवलं. "गेल, कबुली देणाऱ्याला खोटं ठरवणारी तू मला भेटलेली पहिलीच."

तेच मला खटकत होतं. इतक्या लगेच कुणी कबूल होतं का? मी विचारलंही नव्हतं. पकडला गेलेला माणूस आधी नाही म्हणतो, मग कुरकुरतो, मग अर्धं सांगतो. हॉलिसनी पूर्ण सांगितलं, तेही धावत जाऊन. लहान गुन्हा इतक्या घाईने पुढे करायला मागे काहीतरी मोठं उभं असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी लँड्रींनी मला निरोप दिला, की हॉलिसना नीट आठवलं. हँगरमध्ये नाही, पॅडवर असतानाच ते घडलं. मी निरोप आणणाऱ्याला विचारलं, पॅडवर शेपटीच्या खोलीत जाताना तोंडावर काय असतं? तो म्हणाला, मास्क. मग मान हलवत निघून गेला. मास्क घालून तंबाखू थुंकता येते का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. नेमकं काय आठवायचं हे हॉलिसना कुणी सांगितलं, हा माझा खरा प्रश्न होता. खेळण्याची गोष्ट मी फक्त लँड्रींना सांगितली होती.

आता माझा संशय दोघांवर होता.

मी स्वतःवरही घेऊन पाहिला. यान कॅलिफोर्नियाहून आलं ते मोठ्या विमानाच्या पाठीवर बसून, नाक किंचित वर करून. त्या कलामुळे ओघळ शेपटीकडे गेला असेल का? मी हिशेब केला. एवढ्याशा कलाने ओघळ जरासा तिरका झाला असता, पण बहुतेक सगळा पोटाकडेच गेला असता. उड्डाणाच्या वेळी सगळं शेपटीकडे रेटलं जातं, ते खरं. पण मग तो डाग उड्डाणातला झाला, आणि उड्डाणात तिथे तंबाखू खाणारं कुणी नव्हतं. आणि ते कडं? नटाभोवती सगळ्या बाजूंनी सारखं पसरलेलं. खाली-वर असं काही नसेल तिथेच द्रव असा पसरतो, सगळीकडे थोडा थोडा. पृथ्वीभोवती फिरताना दोन दिवस यान तशाच जागी होतं.

सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं. तरी डाग नव्हताच, आणि तो पाहिलेली मी एकटी. कधीकधी वाटे, नऊ सेंटिमीटर नसेलच, दिशा मी उलटी लक्षात ठेवली असेल. मग मी झाकणापाशी जाऊन उभी राही. पत्र्याचा तो भाग आजूबाजूपेक्षा स्वच्छ दिसे. पुसल्याची तेवढीच खूण होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. माझ्या खुर्चीवर तंबाखूची पुडी ठेवलेली सापडली, वर लाल रिबन बांधून. उपाहारगृहात मी ट्रे घेऊन बसले की टेबल हळूहळू रिकामं होई. फक्त रोंडा उठली नाही. ती यानावर उष्णता अडवणाऱ्या टाइल्स चिकटवणाऱ्या गटात होती आणि तिचं तोंड कुणाला घाबरत नसे.

"बये, तुला त्याचा शिक्का हवाय की खुर्ची?" तिने भेंडीचं तळण पुढे सरकवत विचारलं.

मला यातलं काही नको, सांधा तपासायचाय, असं मी म्हणाले.

"माझा नवरा बेकार होता तेव्हा हॉलिसने त्याला इथे लावलं. चंद्रावर जायची कामं बंद पडली आणि निम्म्या गावाने घरं सोडली, तेव्हा हा माणूस लोकांच्या दारात मासे ठेवून जायचा. आणि तू आलीस परवा." तिने एक भेंडी उचलून खाल्ली. "तू चुकीची निघालीस तर मी हसेन. बरोबर निघालीस तर तुझ्याशी बोलणार नाही. यातलं काय आवडेल ते बघ."

मी लँड्रींकडे पुन्हा गेले. झाकण बंद होताना त्यावर दोन शिक्के लागत, काम करणाऱ्याचा आणि तपासनिसाचा. तपासनीस मी होते. सांध्याला दाब देऊन पाहिल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, असं सांगितलं. त्यांनी वळून भिंतीवरची तारीख पाहिली. मग म्हणाले, ठीक आहे, सोमवारी. आणि अटी सांगितल्या. सांध्याभोवती टिपकागद गुंडाळायचा, नळीला उड्डाणाइतका दाब द्यायचा, अर्ध्या तासाने कागद तोलायचा. नियमाप्रमाणे अर्ध्या ग्रॅमपर्यंत चालतं. वजन त्याच्या आत वाढलं तर ती तंबाखू, हॉलिस दोन आठवड्यांनी कामावर परत, आणि मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागायची. अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं तर नळी बाहेर काढायची, आणि एक्केचाळीस नंबरचा शिक्का त्यांच्या टेबलावर यायचा.

"दोन्हींत मला आनंद नाही, एवढं लक्षात ठेव," ते म्हणाले.

तो शुक्रवार होता. मधे शनिवार-रविवार. हॉलिसवर बंदी होती, पण आत सोडणारे सगळे त्यांचेच मित्र. एका पान्याने अर्धा फेरा दिला तर सांधा सोमवारपुरता गप्प बसला असता. पिवळी रेघ तुटली तरी त्यावर नवी ओढणं त्यांना जड नव्हतं. म्हणून निघायच्या आधी मी तिसऱ्या नटाच्या खालच्या बाजूला, आरशाशिवाय दिसणार नाही अशी, एक निळी रेघ ओढली. ती ओढताना मला स्वतःची किळस आली. तरी मी ती सरळ ओढली.

शनिवारी दुपारी मी नदीवर गेले. हॉलिस गावाच्या धक्क्यावर जाळं टाकत होते. पलीकडच्या काठावर हँगरचा मोठा चौकोन उन्हात दिसत होता. मला पाहून त्यांनी जाळं ओढून घेतलं, चार-पाच मुलेट मासे बादलीत टाकले आणि डब्यातून धुरावलेला मासा आणि बिस्किटं काढून माझ्यापुढे ठेवली. खा म्हणाले. संशय घ्यायला पोटात काहीतरी हवं.

मी खाल्लं. मासा फार चांगला होता.

मी डागाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनीच कुप्यांच्या गोष्टी सुरू केल्या. त्या काळी सांध्याला घाम आला, असं म्हणत. दाब दिला की नटाच्या कडेला ओल दिसे, थेंब धरत नसे. पुन्हा आवळायला गेलं की नळीचं तोंड चेपतं आणि खरंच गळायला लागतं, हे प्रत्येकाला माहीत. म्हणून पुसायचं आणि सोडायचं. यान वर जाई, आठवडाभर फिरे, समुद्रात पडे, संग्रहालयात जाई. तिथे काचेच्या पलीकडून शाळेची पोरं बघत. घामेजलेला सांधा तसाच आत.

"वीस वर्षांत आम्ही हाताने बंद केलेलं एक झाकणही कुणी परत उघडलं नाही," ते म्हणाले. "आम्ही बंद केलं की ते बंद. हे पहिलंच, जे घरी आलं आणि म्हणालं, उघडा, बघू काय काय ठेवलंय."

"आणि याच्या सांध्याला घाम आला होता?"

ते जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या बोटांनी चाचपत होते.

"मी तंबाखू म्हणतोय, कॉलेज."

"ओघळ शेपटीकडे होता, हॉलिस."

"तुला हे तिथे शिकवलं? ओघळ कुठल्या दिशेला गेला ते?"

"नाही. ते मी तिथे उभी असताना सुचलं."

त्यांनी मान हलवली. रागावले असतील असं वाटलं होतं, पण चेहऱ्यावरून काही कळेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मला खात्री हवीये की शाबासकी. मी म्हणाले, खात्री. ते म्हणाले, असं सगळेच म्हणतात, ते स्वतःही असंच म्हणत असत. मग त्यांनी सांगितलं, समज एखाद्या माणसाने पॅडवर ओल पाहिली. समज त्याने कागद गुंडाळला, आणि अर्ध्या ग्रॅमच्या आत आहे हे पाहिलं. जेमतेम आत. तर त्याने काय करायचं?

"सांगायचं."

"नियमात बसत असताना? उड्डाणाला दोन आठवडे उरलेले असताना?"

"जेमतेम आहे, हे सांगायचं. याच यानाला पुन्हा जायचंय हे त्याला माहीत होतं."

"माहीत असणं," ते म्हणाले. मग जाळं खांद्यावर घेतलं. "हाताला माहीत असायला लागतं. हात वीस वर्षांचा जुना असतो." दोन पावलं टाकून ते वळले. "मी 'समज' म्हणालो. तू काय ऐकलंस ते लिहू नकोस. तंबाखू लिही."

घरी जाताना मला हे सगळं खरं वाटत होतं, आणि घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्यावरही संशय आला. ही गोष्ट त्यांनी मला का सांगितली? अर्ध्या ग्रॅमच्या आत होतं हे माझ्या कानावर घालायला? म्हणजे सोमवारी वजन थोडं वर गेलं तर मीच म्हणावं, जाऊ दे, जवळपासच आहे? की त्यांना स्वतःलाच आता ते किती आहे हे जाणून घ्यायचं होतं, आणि ते मोजून देणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं?

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी आरसा घेऊन आत गेले. निळी रेघ अखंड होती.

"तुटली?" मागून आवाज आला.

हॉलिस दारात उभे होते. लँड्रींनी त्यांना तपासणीपुरतं बोलावलं होतं. मी आरसा खाली घेतला. मी नाही म्हणाले.

"खालच्या बाजूला ओढलीस ना? मीही तिथेच ओढली असती." ते फळीवर येऊन बसले. "पण मी ओढली असती तर मला कळलं नसतं, समोरचा माणूस रात्री झोपला की नाही."

लँड्री आले, पंपाची गाडी आली, दोन माणसं नळी जोडायला लागली. रोंडा तिच्या कामावरून उठून पलीकडच्या फळीवर येऊन उभी राहिली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. मी टिपकागद काट्यावर ठेवला, वजन घेतलं, उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा सारखं आलं. लँड्रींनी आकडा स्वतः वाचला. मग मी कागद तिसऱ्या सांध्याभोवती गुंडाळला. तो पुन्हा उलगडला. हॉलिसनी पुढे होऊन कागदाचं टोक धरलं आणि मी दोरा बांधेपर्यंत धरून ठेवलं.

पंप सुरू झाला. दाबाचा काटा वर चढत गेला आणि लाल खुणेवर थांबला.  लँड्री घड्याळाकडे पाहत होते, मी कागदाकडे. कागद पांढरा होता. काही वेळाने मला त्यावर गुलाबी छटा दिसल्यासारखी वाटली, पण मी इतकी टक लावून पाहत होते की काहीही दिसलं असतं. मी मान वळवून हॉलिसकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहतच नव्हते. खिशातून शिक्का काढून त्यांनी तळहातावर ठेवला होता आणि त्याच्या रबराला लागलेली शाई अंगठ्याने घासत होते.

अर्धा तास झाल्यावर लँड्रींनी हात वर केला. पंप बंद झाला. मी दोरा कापला, कागद चिमट्याने उचलला आणि काट्यावर ठेवला. काटा स्थिर होईपर्यंत सगळे वाकून पाहत होते. हॉलिसनी चष्मा लावला आणि म्हणाले, मी वाचतो. लँड्रींनी मला मागे सरायला सांगितलं. हॉलिसनी आकडा दोनदा वाचला, एकदा मनाशी आणि एकदा मोठ्याने.

कागदाचं वजन तीन पूर्णांक दोन दशांश ग्रॅमने वाढलं होतं.